टिकलेली माणसं की अडकलेली माणसं? कारखान्यातलं वातावरण आणि राजीनाम्याचा हिशेब

कोल्हापुरातल्या राजीनाम्यांवर साधारण तीनच कारणं लिहिलेली सापडतात: घरगुती अडचण, शेतीचं काम, नाहीतर पुण्यात लागलेली नोकरी. ही कारणं खोटी नसतात, अपुरी असतात. शेती आधीही होती, पुण्याजवळची चाकणची कारखानदारीही आधीपासून होतीच. मग माणूस याच महिन्यात का गेला, हे त्या कागदावरून कळत नाही.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत किंवा उद्यमनगरातलं एखादं वर्कशॉप घ्या. इथल्या बहुतेक कामगारांचं घर स्वतःचं असतं, आई-वडील जवळ असतात, दहा-वीस गुंठे ऊस असतो, पोरांची शाळा गावात असते. अमेरिकेतल्या टेरेन्स मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याच गोष्टीचा विचार 'जॉब एम्बेडेडनेस' या नावाने मांडला. माणूस का जातो यापेक्षा तो कशाकशाने बांधलेला आहे, ते काम आणि ती जागा त्याला किती मानवते आणि जाताना काय सोडावं लागेल, हे बघा, असं त्यांचं म्हणणं. कोल्हापुरात हा हिशेब आधीच मालकाच्या बाजूने झुकलेला आहे. त्यामुळे वातावरण वाईट असलेल्या कंपनीतही माणसं दहा-दहा वर्षं दिसतात आणि मालक अभिमानाने सांगतो, "आमच्याकडं माणसं टिकतात."

त्यातली निम्मी टिकलेली नसतात, अडकलेली असतात. अडकलेला माणूस राजीनामा देत नाही. तो खाडे करतो, ओटीला (जादा तासांच्या कामाला) नाही म्हणतो, हातचं राखून काम करतो आणि नव्याने आलेल्या पोराला चहाच्या टपरीवर सांगतो, "तू हितं राहू नकोस." यातलं शेवटचं सगळ्यात महाग पडतं. ते पोरगं तीन महिन्यांत जातं आणि दोष भरतीला लागतो. म्हणून पुढची सगळी कामं दोन प्रश्नांभोवती आहेत: कोण जातंय, आणि जे राहिलेत ते का राहिलेत.

आधी मस्टर (हजेरीपट) काढा

सुरुवात चर्चेने करू नका, आकड्यांनी करा. गेल्या १२ महिन्यांत सोडून गेलेल्या प्रत्येकाची एक ओळ लिहा: विभाग, शिफ्ट, कोणत्या सुपरवायझरकडे होता, रुजू तारीख, शेवटची तारीख, गाव, कायम की ठेक्यावरचा, शेवटच्या तीन महिन्यांतले खाडे. साध्या एक्सेलमध्ये हे काम दोन दिवसांत होतं.

गळतीचं गणित सोपं आहे. समजा वर्षाच्या सुरुवातीला ११८ माणसं होती, शेवटी १२२. सरासरी १२०. वर्षभरात ३६ गेली, म्हणजे ३० टक्के. पण हा एकच आकडा घेऊन मीटिंगला बसलात तर फक्त "हल्लीची पोरं टिकत नाहीत" एवढंच ऐकायला मिळेल. तो फोडा. ३६ पैकी २१ जण पहिल्या ९० दिवसांत गेले असतील तर गडबड भरतीत आणि सुरुवातीच्या दिवसांत आहे. एक ते तीन वर्षं काढलेले जात असतील तर बहुधा सुपरवायझर किंवा शिकायला काही न उरणं. आठ-दहा वर्षांचा सेटर (मशिन कामासाठी लावून देणारा) गेला तर जवळजवळ नेहमीच कुठेतरी त्याचा मान दुखावलेला असतो. नव्या माणसाला त्याच्याइतका पगार दिला, त्याला न विचारता मशिन दुसऱ्याला दिली, असं काहीतरी.

सुपरवायझरनुसार फोड केलीत की चित्र लगेच स्पष्ट होतं. एकाच शेडमध्ये, त्याच पगारात, पहिल्या शिफ्टचे दोन गेले आणि दुसऱ्या शिफ्टचे नऊ, तर "पगार कमी आहे" हे उत्तर तिथेच बाद होतं.

याच वेळी एका माणसाच्या जाण्याची किंमतही काढून ठेवा, कारण मालकाला हीच भाषा पटते. व्हीएमसी (संगणकावर चालणारी कटिंगची मशिन) ऑपरेटरचा पगार २२,००० रुपये, महिन्याला २६ दिवस, रोज ८ तास धरले तर तासाला सुमारे १०६ रुपये पडतात. तो गेला आणि जागा २० दिवस रिकामी राहिली. त्याच पगाराच्या दोघांनी रोज दोन-दोन तास ओटी केली, म्हणजे ८० तास. ओटी दुप्पट दराने, म्हणून सुमारे १६,९०० रुपये. गेलेल्याचा २० दिवसांचा वाचलेला पगारही तेवढाच, १६,९००. म्हणजे वाचलेला सगळा पैसा ओटीत गेला आणि काम निघालं ८० तासांचं, निघायला हवं होतं १६० तासांचं. वरून नव्या माणसाचा हात बसेपर्यंतचं रिजेक्शन वेगळं. "माणूस गेला, पगार वाचला" हा समज इथेच संपतो.

गेलेल्याला विचारा, पण नंतर

शेवटच्या दिवशी घेतलेल्या मुलाखतीतून फारसं काही निघत नाही. फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) अडकलेलं असतं, अनुभवाचं पत्र हवं असतं, गावातला पाहुणा त्याच कंपनीत असतो. माणूस गोड बोलून निघून जातो. म्हणून विचारणा दोनदा करा. एकदा जाताना, दहा मिनिटं, कागद न भरता. दुसऱ्यांदा दोन-तीन महिन्यांनी फोनवर, सगळे पैसे हातात पडल्यावर. फोन त्याच्या सुपरवायझरने किंवा मालकाच्या घरातल्या माणसाने करायचा नाही. एचआरमधलं कोणी, किंवा त्याच्याशी चांगले संबंध असलेला दुसऱ्या विभागातला माणूस बरा.

"का सोडलंस?" असं विचारलं की माणूस कारण तयार करून देतो. त्याऐवजी विचारा: "दुसरीकडं बघावं, असं पहिल्यांदा कधी वाटलं?" याचं उत्तर बहुतेक वेळा एखादा ठराविक दिवस असतो. आजारी आईला दवाखान्यात न्यायला रजा मागितली आणि सगळ्यांसमोर "रोजचंच आहे तुझं" ऐकावं लागलं. दिवाळीच्या तोंडावर बोनसचा आकडा दुसऱ्याकडून कळला. यानंतर चार-सहा महिने तो माणूस कामावर असतो, पण निर्णय झालेला असतो. पुण्याची नोकरी फक्त वाट मोकळी करते.

आहेत त्यांना विचारा

हे काम सगळ्यात स्वस्त असूनही फार कमी ठिकाणी होतं. दर सहा महिन्यांनी प्रत्येकाशी वीस मिनिटं बोलायचं. १२० माणसं असतील तर रोज दोघे धरून तीन महिन्यांत एक फेरी पुरी होते. केबिनमध्ये बोलावू नका. केबिनचं दार बंद झालं की बाहेरचे तर्क करायला लागतात. कँटीनमध्ये, जेवणाची वेळ सोडून, चहा घेत बसा. प्रश्न एवढेच पुरतात:

- सकाळी येताना कुठल्या गोष्टीचा कंटाळा येतो?
- गेल्या महिन्यात कोणी काम चांगलं झालं म्हणालं का? कोण?
- चूक झाली तर लपवावीशी वाटते की सांगावीशी?
- आपल्या भावाला, पुतण्याला इथं लावाल का?

चौथा प्रश्न कसोटीचा आहे. जो माणूस दहा वर्षं राहिला पण घरातल्या पोराला इथं लावायला तयार नाही, तो अडकलेला आहे. ज्या खात्यात माणसं आपणहून गावातली पोरं आणतात, तिथलं वातावरण ठीक आहे असं धरायला हरकत नाही. (मालकाच्या गावचीच सगळी माणसं असतील तर ही कसोटी चालत नाही, तिथे गावकीचा दबावही असतो.)

ऐकलेलं लिहून ठेवा आणि महिन्याच्या आत निदान एक गोष्ट करून दाखवा. पंखा, बाथरूमची कडी, हातमोज्यांचा साइज, काहीही. विचारून काही न करणं हे न विचारण्यापेक्षा वाईट. पुढच्या फेरीला सगळे "सगळं बरं आहे साहेब" म्हणतील.

पहिले ९० दिवस

पहिल्या दिवशी नवीन पोरगं गेटवर अर्धा तास उभं असतं, कारण वॉचमनला नाव माहीत नसतं. इथूनच सुरुवात बिघडते. आदल्या दिवशी गेटवर नाव, त्याच्या मापाचे सेफ्टी शूज, लॉकर, पंच कार्ड आणि ज्याच्या हाताखाली शिकायचं त्या जुन्या माणसाचं नाव तयार ठेवा. त्या जुन्या माणसाला शिकवण्याचे महिन्याला काही पैसे वेगळे द्या, नाहीतर तो पोराला फक्त कचरा उचलायला लावेल. आयटीआय करून आलेल्या मुलांची सगळ्यात मोठी तक्रार हीच असते: ट्रेड टर्नरचा, काम हेल्परचं.

मुलाखतीत कामाची खरी जागा दाखवा. फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) लोखंडाचा रस १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास ओतला जातो, फेटलिंगला (ओतलेला माल घासून साफ करताना) धूळ आणि आवाज असतो. हे आधी दाखवल्यावर दहापैकी तिघे परत आले नाहीत तरी चालेल. हे तिघे नाहीतरी महिन्याभरात गेलेच असते, मस्टरवर नाव चढवून आणि बूट घेऊन.

७व्या, ३०व्या आणि ९०व्या दिवशी पाच-पाच मिनिटं बोला. ७व्या दिवशी जेवण, येणं-जाणं, बूट याबद्दल. ३०व्या दिवशी पहिल्या पगाराची स्लिप समोर ठेवून पीएफ, ईएसआय (कामगार विमा), कपात समजावून सांगा. ईएसआयमध्ये कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के जातात. हे कोणी सांगितलंच नाही, तर त्याला वाटतं कंपनीने पैसे कापले. ९०व्या दिवशी पुढच्या वर्षभरात काय शिकायला मिळेल ते सांगा.

सुपरवायझर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कामगाराच्या दृष्टीने कंपनीचं कल्चर म्हणजे भिंतीवरचं धोरण नव्हे, त्याचा सुपरवायझर.

आपल्याकडे सुपरवायझर कसा होतो? सगळ्यात चांगला ऑपरेटर निवडतात आणि त्याच्या हाताखाली ३० माणसं देतात. माणसं कशी सांभाळायची हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. आणखी एक गोष्ट बहुतेक ठिकाणी ध्यानात येत नाही: ऑपरेटर असताना त्याला ओटी मिळत होती, सुपरवायझर झाल्यावर ओटी बंद. बढती मिळूनही हातात येणारा पैसा कमी होतो. तो वैताग खाली उतरतो. म्हणून बढती देताना गेल्या सहा महिन्यांच्या ओटीची सरासरी काढून नवा पगार त्याच्यावर ठेवा आणि एका माणसाखाली १२ ते १५ पेक्षा जास्त माणसं देऊ नका.

मग येतो बोलण्याचा प्रश्न. कोल्हापूरची भाषा रांगडी. "काय भावा" म्हणत पाठीत धपाटा मारणं, दोन शिव्या घालून गप्पा मारणं यात इथे कोणाला वावगं वाटत नाही. बाहेरून आलेला एचआर मॅनेजर सगळ्यांना "अहो-जाहो" करायला लावतो आणि हास्यास्पद होतो. पण चेष्टा आणि अपमान यांतला फरक ओळखायची सोपी खूण आहे: समोरचा माणूस त्याच सुरात उलट बोलू शकतो का? बोलू शकत असेल तर चेष्टा. मान खाली घालत असेल तर अपमान. बाप-आईवरून, जातीवरून, गावावरून बोलणं कुठल्याच सुरात चालू देऊ नका, आणि वयाने मोठ्या हेल्परला पंचविशीतला इंजिनिअर "ए" म्हणत असेल तर त्याला पहिल्याच आठवड्यात "मामा" किंवा "अण्णा" म्हणायला शिकवा.

रिजेक्शन आलं की काय करायचं हेही ठरवून द्या. कास्टिंगला (ओतलेल्या भागाला) ब्लो होल, म्हणजे गॅसची पोकळी, आलं तर दोष वाळूतल्या ओलाव्याचा असेल, कोअरमधून (साच्यात बसवलेल्या वाळूच्या गाभ्यातून) निघणाऱ्या गॅसचा असेल, ओतण्याच्या तापमानाचा असेल किंवा माणसाचा असेल. बोलणी मात्र बहुतेक वेळा फक्त मोल्डरच (साचा करणाराच) खातो. क्रम उलटा करा: आधी वाळू, कोअर, तापमान यांची नोंद बघा, मग माणूस. बोलायचं ते शिफ्ट संपताना, पीस हातात धरून, लाइनपासून बाजूला, दहा मिनिटांत. लाइनवर सगळ्यांसमोर झापलेला माणूस पुढचा खराब पीस ढिगाखाली लपवतो आणि तो ग्राहकाकडे जाऊन सापडतो.

सुपरवायझरचं मूल्यमापन फक्त टनेजवर (किती टन माल निघाला यावर) होत असेल तर हे काहीच होणार नाही. त्याच्या महिन्याच्या कागदावर तीन आकडे अजून घाला: त्याच्या माणसांचे खाडे, ९० दिवसांच्या आत गेलेले आणि त्याच्याकडून दुसऱ्या खात्यात बदली मागणारे.

घरच्या कंपन्यांत आणखी एक पद असतं, कागदावर नसलेलं: मालकाचा पाहुणा. तो केबिनमध्ये बातम्या पोचवतो. मालकाने तेवढ्यावर एकदा जरी कोणाची रजा कापली, तरी सुपरवायझरने वर्षभर कमावलेला विश्वास संपला.

ऊस, जत्रा आणि पूर

पुण्याच्या सल्लागाराने दिलेलं रजेचं धोरण इथे मोडतं, कारण त्यात ऊस नसतो. साखर कारखान्यांचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो आणि तोड कधी येईल हे शेतकऱ्याच्या हातात नसतं. टोळी आली की शेतात माणूस लागतो. पंधरा दिवस आधी अर्ज हवा, असा नियम असला की माणूस खोटं बोलतो: आजी मेली, ताप आला. एकदा खोटं बोलायची सवय लागली की बाकीच्या गोष्टीही लपतात.

तोडीसाठी हंगामात दोन दिवस, आदल्या संध्याकाळी फोनवर सांगून मिळणारी रजा ठेवा, खात्यावरच्या रजेतूनच. अट एकच: १२ जणांच्या शिफ्टमधून एकावेळी दोघांपेक्षा जास्त नाहीत, तिसऱ्याने आपापसांत बदली ठरवून कळवायचं. गावच्या जत्रा, म्हाई, जोतिबाची चैत्र यात्रा यांच्या तारखा मात्र आधी कळतात. जानेवारीत प्रत्येकाकडून गाव आणि जत्रेचा महिना लिहून घ्या आणि उत्पादनाचं नियोजन त्याप्रमाणे करा.

पुराचं वेगळं ठरवावं लागतं. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. अशा दिवशी गैरहजेरी लावली की त्या माणसाच्या घरात ती गोष्ट पुढची दहा वर्षं सांगितली जाते. जूनमध्येच एक पानी सूचना फलकावर लावा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की चिखली, आंबेवाडीसारख्या नदीकाठच्या गावांतल्या माणसांची यादी काढायची, त्यांना रात्रपाळी नाही. ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की त्या गावांना भरपगारी सुट्टी, किती दिवस तेही लिहायचं. घरात पाणी शिरलं तर किती उचल आणि ती किती हप्त्यांत फेडायची, हे आकड्यात लिहा. उचल मागायला मालकाच्या दारात उभं राहावं लागू नये, एवढंच बघा.

पगाराचं काय?

२०२२ मध्ये एमआयटी स्लोन मॅनेजमेंट रिव्ह्यूमध्ये डोनाल्ड सल आणि सहकाऱ्यांचं एक विश्लेषण आलं. नोकरी सोडण्याचा अंदाज बांधायला विषारी वातावरण हे पगारापेक्षा सुमारे दहापट उपयोगी ठरतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा आकडा मालक लोकांना फार आवडतो. पण तो मोठ्या अमेरिकी कंपन्यांचा आहे. पगार आसपासच्या शेडपेक्षा दोन-तीन हजारांनी खाली असेल तर आधी तो वर आणा, वातावरणाच्या गप्पा नंतर.

पगार बाजारभावाला आला की रकमेइतकंच तो कसा देता हेही बोलतं. पगार ७ तारखेच्या आत, दर महिन्याला त्याच दिवशी. ओटीचे तास स्लिपवर वेगळे. नव्या माणसाला जास्त देऊन घ्यावं लागलं तर त्याच महिन्यात जुन्यांचे पगार तपासा, कारण कोणाला किती मिळतात हे पहिल्या आठवड्यात शेडभर झालेलं असतं.

ठेक्यावरची माणसं आणि बायका

बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातून ठेकेदारामार्फत आलेली माणसं फौंड्रीत बरीच आहेत. त्यांना गावाचं बंधन इथं नाही, म्हणून वातावरणाचा परिणाम सगळ्यात आधी त्यांच्यावर दिसतो: एक भांडण झालं की आठ जण एकदम उठून जातात. पिण्याचं पाणी, कँटीनची रांग, मास्क यांत कायम आणि ठेका असा भेद ठेवू नका. गावी जाऊन परत येणाऱ्यांचं प्रमाण मोजा. तोच त्यांचा कौल.

बायकांच्या बाबतीत शोरूम असो, हॉस्पिटल असो की पॅकिंगचं खातं, तीन गोष्टी आधी बघा: स्वच्छतागृह आणि त्याची कडी, शिफ्ट सुटल्यावर गावाकडे जाणारी शेवटची बस, आणि तक्रार कोणाकडे करायची हे त्यांना माहीत आहे का. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती बंधनकारक आहे. फलकावर नावं आहेत पण समितीतल्या बाईलाच ते माहीत नाही, अशी स्थिती असेल तर समिती नाहीच असं समजा.

जाणाऱ्याला नीट जाऊ द्या

राजीनामा आल्यावर पगार वाढवून थांबवणं बहुतेक वेळा चुकतं. बाकीच्यांना त्यातून एकच शिकवण मिळते: वाढ हवी तर राजीनामा टाका. अपवाद एकच, खरोखर त्याचा पगार चुकून मागे राहिला असेल तर. तेव्हा ते मान्य करून त्याच्यासारख्या सगळ्यांचा सुधारा.

हिशेब अडवून ठेवू नका. नव्या वेतन संहितेप्रमाणे सोडून जाणाऱ्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. सलग पाच वर्षं झालेल्याची ग्रॅच्युइटी शेवटच्या पगाराच्या १५/२६ गुणिले सेवेची वर्षं अशी निघते. ती काढून आकडा लेखी द्या. रुजू आणि सोडल्याची तारीख पीएफच्या पोर्टलवर लगेच भरा, ती राहिली की पुढच्या नोकरीत त्याचा पीएफ अडकतो आणि तो फोन करत बसतो. अनुभवाचं पत्र त्याच दिवशी.

पुण्याला गेलेला माणूस खोलीचं भाडं, मेस आणि शनिवारची एसटी यांचा हिशेब वर्षभरात करतोच. परत यायचं ठरलं तर तो आधी जुन्या सुपरवायझरला फोन करतो की शेजारच्या शेडमध्ये जातो, हे जातानाच्या आठवड्यावर ठरतं. परत येणाऱ्यासाठी नियम आधीच लिहून ठेवा: किती महिन्यांपर्यंत घ्यायचं, कुठल्या पगारावर, आणि जुन्या सहकाऱ्यांच्या वर की बरोबरीने. बरोबरीने ठेवलेलं बरं, बाहेर शिकून आलेल्या कामाचा भत्ता वेगळा द्यावा. मस्टरवर अशा माणसांपुढे एक खूण करा आणि पुढच्या वर्षी गळतीचा आकडा काढाल तेव्हा ही संख्या त्याच्या शेजारी लिहा.